देवरावच्या घरचं पाऊल

ही गोष्ट मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही — आणि तिला माझी बाकी सगळी अंडीपिल्ली ठाऊक आहेत. लोक असलं काही देवापुढे बसून सांगून टाकतात म्हणे. माझी ती सोय नाही. देव नाही, हे सांगण्यात उभा जन्म गेला. आता कोणत्या तोंडाने त्याच्यापुढे बसू? म्हणून तुमच्यापुढे बसलो आहे. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक बरं आहे.

सरळ सांगून मोकळं व्हावं, तर जीभ रेटत नाही. थोडा लांबून येतो. चालेल ना?

पोंभुर्ण्याकडच्या एका कॉलेजात मी तर्कशास्त्र शिकवतो. आता रिटायर व्हायला आलो. देवराव माझा मित्र. चंद्रपूरला शिकताना आम्ही एका खोलीत राहायचो, एका स्टोव्हवर भात शिजवायचो आणि तो भात करपेपर्यंत देवावर भांडायचो. भांडण कसलं — दोघंही एकाच बाजूचे. देव नाही, यावर आमचं एकमत होतं. भांडायचो ते कोणाचा मुद्दा जास्त पक्का, यावर. पुढे मी प्राध्यापक झालो आणि तो त्याच्या गावच्या शाळेत गुरुजी. गाव जंगलाला लागून, एक नाला ओलांडला की साग आणि मोहाची झाडं सुरू. तेव्हा दोघांत मोठा कोण, याचा निकाल लागला असं मी समजून बसलो होतो. निदान मनातल्या मनात.

आम्ही चार-पाच जणांनी मिळून एक मंडळ काढलं होतं. गणपतीत, जयंतीला, दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते त्या दिवसांत — जिथे बोलावतील तिथे जायचं आणि बोलायचं. कधी चामोर्शी, कधी वरोरा, कधी अशी गावं की जिथे माईक जुन्या रेडिओसारखा खरखरायचा. माझ्याकडे पुस्तकं होती. मी आधी बोलायचो. प्रत्येक गोष्टीला कारण असतं म्हणता, मग देवाला कारण काय? देवाला काही लागत नसेल तर नवसाचा नारळ कोण घेतं? देवाला उचलता येणार नाही असा दगड देव बनवू शकतो का — बनवू शकत असेल तर उचलू शकत नाही, नाही बनवू शकत तर तसंही सर्वशक्तिमान नाही. हा दगड माझा फार लाडका होता. एकदा एका गावात मी तो मांडून विजयी मुद्रेने थांबलो, तर पुढे बसलेला एक म्हातारा म्हणाला, "पन गुरुजी, तो असा दगड काऊन बनवन गा? त्याले दुसरं काम नाई का?" सगळा मांडव हसला. मीही हसलो, न हसून करतो काय.

मग देवराव उठायचा. हातात कागद नाही, काही नाही. आधी स्वतःचीच टिंगल — "नाव देवराव, अन् म्हनते देव नाई. आता माह्या बापाले का माहीत होतं?" — लोक सैल व्हायचे. आणि मग तो हळू आवाजात सुरू करायचा. आमच्या भागात मोह वेचायला गेलेल्या बायांना वाघ धरतो. हे काही भाषणातलं उदाहरण नव्हे, ऐकणाऱ्यांत अर्ध्यांच्या घरात कुणी ना कुणी गेलेलं असतं. देवराव म्हणायचा, "वाघाले भूक कोनं देल्ली? त्यानंच. बाईले भूक कोनं देल्ली? त्यानंच. अन् दोघायची पायवाट बी एकच आखून देल्ली. असा कारभार आपला सरपंच करन, तर आपन त्याले फिरून निवडून देऊ का?" कुणी हसायचं नाही. टाळीही वाजायची नाही. नुसती शांतता — बाया पदर तोंडाशी धरून बसलेल्या.

आणि तो नाल्याचा मुद्दा. "नाल्याच्या इकडे जन्मला त मारोती, तिकडे गोंडाच्या टोल्यात जन्मला त पेरसापेन. आता खरा देव कोनाचा, हे मी नाई इचारत. मी म्हनतो, खऱ्या देवाले एवढुसा नाला ओलांडता येत नाई का?" हेच मी इंग्रजी पुस्तकातून तीस पानांत वाचलं होतं. त्याने एका नाल्यात आटोपलं.

मी जळलो. दुसरा शब्द नाही, उगाच शोधत बसत नाही. परतताना तो मोटरसायकल चालवायचा आणि मी मागे बसून त्याच्या पाठीकडे पाहायचो आणि जळायचो. लोक मला फोन करायचे, "सर, तुमी या, अन् देवराव गुरुजीले नक्की आना जी." म्हणजे मी काय, आणणारा? पत्रिकेवर माझं नाव वर असायचं, गर्दी खालच्या नावासाठी. तुम्ही कधी असे जळला आहात का — ज्याच्यावर जळतो तोच आपला सगळ्यात चांगला मित्र, आणि त्याला त्याचा पत्ताच नाही? तो तर उलट मला विचारायचा, "आज माहं बरं झालं का गा? तुह्यासारखं मुद्देसूद नाई जमत मले." हे तो मनापासून म्हणायचा. त्यामुळे आणखीच आग व्हायची.

त्याची माय — पार्बताबाई. ती मारोतीला रोज फूल वाहायची आणि पोराच्या भाषणांवर तिचं एकच म्हणणं होतं, "बोलू द्या बाप्पा त्याले. देवाले का राग येते?" मला ती बापू म्हणायची. माझं ताट पहिलं वाढायची, लेकाचं नंतर. नवरा लवकर गेला होता, मोह-डिंक-तेंदूपानावर तिने देवरावला शिकवला. लेक गुरुजी झाला, घरात पगार आला, तरी मोह पडायला लागला की ती टोपलं घेऊन निघायचीच. देवराव ओरडायचा. ती म्हणायची, झाडाखाली फुलं पडून राह्यली तर मले झोप नाई येत.

त्या वर्षी चैत्रात एका सकाळी ती गेली आणि परत आली नाही. दुपारी लोकांना सापडली. वाघाने मानेला धरलं होतं. ओणवी होऊन वेचत असेल, वाघाला जनावर वाटलं असेल — असं वनखात्याचे लोक म्हणाले. पुढचं सांगत नाही.

आता ऐका. इथून पुढे माझं आहे.

नाल्याच्या काठावर चिता पेटली होती. देवराव समोर उभा, डोक्यावरचे केस उतरवलेले, डोळे कोरडे. मी त्याच्या बाजूला उभा होतो, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. आणि माझ्या मनात काय आलं? पार्बताबाईंनी वाढलेली ताटं आली असतील असं तुम्हाला वाटेल. मलाही तसं वाटायला हवं होतं. माझ्या मनात आलं — आता याच्या वाघाच्या मुद्द्याला कोण हात लावणार? आता हा उभा राहील आणि म्हणेल, माझ्या मायले नेलं, तरी मी म्हणतो देव नाही. मग माझा दगड कोण ऐकतो? माझी आई घरी सुखरूप होती, दमा सोडला तर तिला काही नव्हतं. मला त्याच्या दुःखाचाही हेवा वाटला. खांद्यावर हात ठेवून, चितेच्या उजेडात. असतो का असा माणूस?

आमच्याकडे एक रीत आहे, तुमच्याकडेही असेल. दहाव्याच्या संध्याकाळी, घरात जिथे मेलेल्या माणसाला शेवटचं ठेवलं होतं तिथे तांदळाचं पीठ पसरतात, त्यावर टोपलं पालथं घालतात, जवळ दिवा लावतात. सकाळी टोपलं उचलून पाहायचं. पिठावर पाखराचे पाय उमटले तर जीव पाखराच्या जन्माला गेला, सापाची रेघ दिसली तर साप, माणसाचं पाऊल दिसलं तर माणूस. बहुतेक वेळा उंदराचे पाय दिसतात आणि म्हाताऱ्या बाया त्याला चिमणी म्हणतात. देवरावने याच्यावर कित्येकदा भाषणात हसवलं होतं.

त्या दिवशी बायकोला, वंदनाला, फक्त एवढंच म्हणाला, "करा तुमाले जे करायचं ते." वंदना नवी होती घरात; देवरावने लग्न फार उशिरा केलं, त्याला वर्षही झालं नव्हतं. सासूवर तिचा जीव होता. तिच्या मावशीने पीठ चाळून पसरलं, हाताने सारखं केलं, टोपलं ठेवलं. सगळे अंगणात जेवायला बसले. दिवस नुकताच मावळला होता. सतरंजी कमी पडली म्हणून मावशी मला म्हणाली, "बापू, आतली एक आना जी." मी आत गेलो.

खोलीत दिवा होता, टोपलं होतं, मी होतो. सतरंजी कोपऱ्यात गुंडाळून ठेवली होती.

लहानपणी महालक्ष्म्यांच्या सणाला आई मला घेऊन बसायची. भिजवलेल्या पिठात मूठ बुडवून जमिनीवर टेकवायची — मुठीची करंगळीकडची बाजू — की झालं लेकराचं पाऊल, आणि वर बोटाच्या टोकाने पाच टिकल्या. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत मीच काढायचो. माझा हात चांगला होता, आई म्हणायची.

मी टोपलं उचललं, मूठ टेकवली, पाच बोटं लावली, टोपलं ठेवलं. सतरंजी काखेत मारली, हात पँटला पुसला आणि बाहेर आलो. किती वेळ लागला असेल? कुणी 'बापू, काय करून राह्यले' असंही विचारू नये एवढासा. मग मी जेवायला बसलो. नखांत पीठ होतं. त्याच हाताने भात कालवला.

झालं. हेच ते. जे सांगायला मी इतका लांबून आलो.

काऊन केलं? मी तेव्हा स्वतःला सांगितलं की ही परीक्षा आहे, प्रयोग आहे. बघू या ना, इतका खंबीर नास्तिक आपल्या घरात काय करतो. बघू त्याचा वाघ मोठा की पीठ. पण मी तर्कशास्त्राचा माणूस आहे, खोटं कारण मला लांबून ओळखू येतं. तो मोडावा, हेच मला हवं होतं. त्याने पिठातलं पाऊल मानलं की तो संपला. मग कोणत्या तोंडाने तो मांडवात उभा राहणार?

सकाळी टोपलं उचललं तेव्हा देवराव अंगणात कडुनिंबाची काडी चावत उभा होता. आतून मावशीची हाक आली. वंदना दारात आली, नवऱ्याकडे पाहत राहिली. तो आत गेला. मी त्याच्या मागे. बाया बाजूला सरकल्या.

तो खाली बसला, उकिडवा. बराच वेळ पाहत राहिला. मी वाट पाहत होतो — एक मन म्हणत होतं हा आता हसेल, म्हणेल कोनं बे हा चावटपणा केला. खरं सांगू? त्या क्षणी तो तसं म्हणाला असता तर मी त्याच्या पाया पडलो असतो. त्याने हात पुढे केला, पिठाला लावला नाही, नुसता वर धरला, जसा कुणी निजलेल्या लेकराच्या अंगावर धरतो. आणि म्हणाला, "माय."

दहा दिवसांत तो पहिल्यांदा रडला. इतका की दोघा-तिघांना त्याला धरावं लागलं. त्याच्यातूनच त्याने मान वळवून मला विचारलं, "तू पाह्यलं ना गा?"

मी म्हटलं, हो.

आमच्या विषयात देवाच्या बाजूचा एक जुना युक्तिवाद आहे. रचना दिसली म्हणजे रचणारा आहे. घडा आहे तर कुंभार आहे. मी वर्षानुवर्षं पोरांना शिकवलं की हा युक्तिवाद लंगडा कसा आहे. पण त्या घरात तो बिनतोड होता. पाऊल होतं, म्हणजे पाऊल काढणारा होता. देवराव चुकला नव्हता. त्याने फक्त नाव चुकीचं घेतलं.

थोड्याच दिवसांत वंदनाला दिवस राहिल्याचं कळलं. पुढे काय होणार ते तुमच्या लक्षात आलंच असेल. मुलगी झाली. पाळण्यात नाव पार्वती ठेवलं, पण देवरावने तिला कधी नावाने हाक मारली नाही. तो तिला माय म्हणायचा. आजही म्हणतो.

मंडळात तो येईनासा झाला. कुणाशी वाद घातला नाही, टिळा लावला नाही, कुणाला मारोतीला चला म्हटलं नाही. नुसता थांबला. मी एकदा विचारलं, नाटक म्हणून, तर म्हणाला, "माहं बोलनं झालं गा. आता तू बोल." आणि मी बोललो. बोलावणी सगळी माझ्याकडे आली. दगड मी सोडून दिला आणि त्याचा वाघ उचलला. हो, तेही केलं. 'माझ्या एका मित्राची आई मोह वेचायला गेली' असं मी सुरू करायचो, आणि बाया पदर तोंडाशी धरायच्या. जी शांतता मला हवी होती ती मला मिळाली. पण सभा संपली की एखादा जवळ येऊन विचारायचाच — "देवराव गुरुजी काऊन नाई आले जी?" माणूस घरी बसलाय, तोंड मिटून बसलाय, तरी लोकांना तोच हवा. मग घरी येताना पुन्हा तेच जळणं.

आणि त्याच्या घरी गेलं की निराळं. पोरगी चालायला लागली, बोलायला लागली, बापाला रागवायला लागली. चप्पल दारात का सोडली म्हणून ती त्याला बोलायची आणि तो मुकाट्याने उचलून ठेवायचा, डोळ्यांत पाणी आणून हसायचा — "पाह्य, तसंच बोलते." इतका सुखी माणूस मी दुसरा पाहिला नाही. ज्याला वाघाने पोरकं केलं त्याला माय परत मिळाली होती. माझी आई त्यानंतर दोन वर्षांनी दम्याने गेली. मी नास्तिकासारखा वागलो. काही विधी केला नाही, देह मेडिकल कॉलेजला दिला. घरी येऊन खुर्चीवर बसलो. कुणी परत आलं नाही. मला कोण पाऊल काढून देणार होतं? मी त्याला मोडायला गेलो आणि माय देऊन बसलो, आणि जे दिलं त्याच्यावरही जळलो. जो नाही असं मी सांगत फिरतो, त्याच्याशीही माझी चुरस लागली — कारण देवरावच्या घरी माझ्या हाताचं सगळं श्रेय तो नसलेला देव घेऊन बसला होता.

त्यात आणखी एक झालं. देवराव वाद घालत नसे, पण कुणी छेडलं तर एवढंच म्हणायचा, "हा माहा मित्र देव मानत नाई. प्रोफेसर आहे. त्यानं सोताच्या डोळ्यानं पाह्यलं. त्याले इचारा." आणि लोक मला विचारायचे. आजूबाजूच्या गावांत पार्बताबाईचं पाऊल माझ्या नावावर चालतं. भाविकांचं कोण ऐकतं? नास्तिक साक्षीदार म्हटल्यावर बोलणंच खुंटतं. मी दरवेळी म्हणालो, हो, पाहिलं. वाक्य खरं आहे ना? तर्कशास्त्रात खरं वाक्य ते खरं वाक्य.

इथवर असतं तर मी कदाचित कधीच बोललो नसतो. मनाशी म्हणालो असतो, त्याचं भलंच झालं, आपण एक पाप केलं आणि ते गोड निघालं. पण पोरगी मोठी झाली.

पारू म्हणतो मी तिला. हुशार पोर. दहावीला तालुक्यात तिचं नाव झालं. तिला चंद्रपूरला सायन्सला जायचं होतं, हॉस्टेलवर राहून. पुढे नर्सिंग नाही, डॉक्टरकीच करायची असं ठरवून बसली होती. देवराव नाही म्हणाला. चंद्रपूरची बस जंगलातून जाते. वंदनाने समजावलं, शाळेतल्या मॅडमनी समजावलं. तो ओरडत नव्हता, तेच अवघड होतं. एवढंच म्हणायचा, "एकडाव एकटी जंगलात जाऊ देल्लं मी इले. आता नाई जाऊ देत."

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी पारू एकटीच माझ्या घरी आली — बापाला न सांगता, पोंभुर्ण्याला मैत्रिणीकडे जाते म्हणून. खुर्चीत बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "काका, बाबा फक्त तुमचं ऐकतात. मी त्याची माय नाई, काका. मी पारू आहे. हे त्याले कोन सांगन?"

मी तिच्याबरोबर गेलो. ओसरीवर देवराव होता. मी जे काही आयुष्यभर शिकलो ते सगळं त्या ओसरीवर मांडलं. म्हटलं, पारूला त्या जन्माचं काहीच आठवत नसेल तर ती तीच कशावरून? आठवण नाही, देह नाही, मग उरलं काय, ज्याला तू माय म्हणतोस? म्हटलं, देवाने परतच पाठवायची होती तर नेली कशाला — हा तर तुझाच मुद्दा, वाघाचा. म्हटलं, आणि तुझी माय असती तर तिने तुला शिकवलं तसं हिला शिकवलं नसतं का? मी चांगला बोललो. इतका चांगला मी मांडवातही कधी बोललो नव्हतो. वंदना दाराआडून ऐकत होती. पारू खांबाला टेकून उभी होती आणि तिचा चेहरा उजळत चालला होता.

देवरावने सगळं ऐकून घेतलं. मान हलवली. म्हणाला, "सगळं बराबर आहे. एका बी मुद्द्याले माह्यापाशी उत्तर नाई. पन पाऊल होतं ना गा?"

 तेव्हा पारू खांबापासून पुढे आली. माझ्यासमोर उभी राहिली. त्या पोरीच्या लक्षात आलं होतं, सगळं कुठे अडकलं आहे ते. तिने विचारलं, "काका, तुमी खरंच पाह्यलं होतं? खरं सांगा. तुमी देव मानत नाई ना?"

तिला एक शब्द हवा होता. नाही. किंवा — पाहिलं, पण ते मी काढलं होतं. एवढंच. माझ्याकडे तिच्या बापाविरुद्ध एकच बिनतोड पुरावा होता, आणि देवाविरुद्धही आयुष्यात मिळालेला तोच एक. दोन्ही माझ्या मुठीत.

मी म्हटलं, हो. पाहिलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, घाबरला असेल, मैत्री तुटेल म्हणून. किंवा त्या माणसाची माय दुसऱ्यांदा मारायला धजला नसेल. असं समजलात तर मला फार बरं वाटेल, पण तसं नाही. त्या क्षणी मला स्पष्ट दिसलं की मी सांगितलं तर काय होईल. तो आधी रडेल, मला मारेल कदाचित, मग वर्षभर बोलणार नाही. आणि मग एक दिवस उठेल आणि मांडवात उभा राहील. म्हणेल, माझ्या मायले वाघानं नेलं, मित्रानं पिठात पाऊल काढून मला फसवलं, सोळा वर्षं मी फसलो, आणि आज सांगतो की देव नाही. त्याच्यानंतर कोण बोलू शकणार होतं? मी? पारूच्या डोळ्यांत पाहत मी हा हिशेब केला. पोरीचं चंद्रपूर एका बाजूला आणि देवरावचं भाषण दुसऱ्या बाजूला. भाषण जड झालं.

पारू आत गेली आणि आमच्यासाठी चहा ठेवला. देवरावने माझा गुडघा थोपटला, जणू हरलेल्या माणसाची समजूत घालतो आहे.

ती आता गावातच असते. घरचं करते, धानाच्या दिवसांत शेतावर जाते, तेही बापासोबत. बाहेरून बारावीचा फॉर्म भरायचं चाललं होतं, पुढे काय झालं मी विचारलं नाही. मी गेलो की पाणी आणून देते. काका म्हणते. पूर्वी बसायची, पुस्तकातलं काही विचारायची. आता ठेवून जाते.

परवा वरोऱ्याहून फोन आला होता, व्याख्यानासाठी. विषय माझा नेहमीचाच. मी त्यांना एकच विचारलं — देवराव गुरुजींना बोलावलंय का? ते म्हणाले, नाही जी, ते कुठी येतात आता. मग मी हो म्हटलं.